पबमधली बैठक: डब्लिनची एक संध्याकाळ

'पब' हा शब्द शीर्षकात बघून मंडळातल्या काहींच्या भुवया वर जातील. फादरांच्या तर नक्कीच. म्हणून आधीच सांगून टाकतो. त्या संध्याकाळी मी दोन पबांत मिळून साडेचार तास बसलो आणि एकूण चार कप चहा प्यालो. आयर्लंडमधल्या पबात चहा मागितला तर कोणी मान वळवून बघत नाही. किटली येते, दुधाचा छोटा जग येतो, आणि शेजारचा माणूस हवेबद्दल बोलायला लागतो.

हा लेख लिहायचं कारण मात्र पब नाही. मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीला सात जण होते. त्यातले दोघे वाचणार होते, एकाला गायचं होतं, म्हणजे नुसते ऐकणारे चारच. बैठक संपल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "सर, ऐकायला कोणी येतच नाही, तर आपण हे करतो कोणासाठी?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी जाताना डब्लिनची ती संध्याकाळ आठवली. तिथे मी जे बघितलं आणि नंतर त्याबद्दल जे वाचलं, ते सगळं इथे सांगतो. उत्तर त्यातच कुठेतरी आहे असं मला वाटतं.

दारावरचं साल

माझी मावसबहीण डब्लिनच्या एका रुग्णालयात नर्स आहे. मी चार दिवस तिच्याकडे उतरलो होतो. ती म्हणाली, "पाहुण्यांना मी पहिल्या पबात नेते, घरच्यांना दुसऱ्या. तू दोन्ही बघ."

पहिला पब म्हणजे ब्रेझन हेड. शब्दशः अर्थ 'पितळी डोकं'. लिफी नदीच्या दक्षिण काठापासून दोन मिनिटांवर, ब्रिज स्ट्रीटवर तो आहे. दर्शनी भाग एखाद्या छोट्या किल्ल्यासारखा, वर कंगोरे, आत फरसबंदी चौक. पाटीवर साल लिहिलंय ११९८. आयर्लंडमधला सर्वांत जुना पब, असा त्यांचा दावा. गंमत म्हणजे देशाच्या मध्यभागी ॲथलोन गावात 'शॉन्स बार' नावाचा पब आहे, त्याचा दावा थेट इसवी सन ९००चा. म्हणजे आपल्याकडे दोन देवळांत 'मूळ स्थान कोणाचं' यावरून चालतो तसला हा वाद. ब्रेझन हेडची आज उभी असलेली इमारत मात्र १७५४ची आहे. घोडागाडीने येणाऱ्या प्रवाशांसाठी बांधलेली ती सराई होती.

१७५४ म्हटलं तरी इतिहास कमी नाही. याच रस्त्यावर ऑलिव्हर बाँड नावाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. १७९८च्या मार्च महिन्यात तिथे 'युनायटेड आयरिशमेन' या क्रांतिकारक संघटनेच्या पुढाऱ्यांची बैठक चालू असताना इंग्रज सरकारने धाड घातली आणि सगळ्यांना धरलं. पाच वर्षांनी रॉबर्ट एमेट या तरुणाने पुन्हा उठाव केला. त्याची खलबतं ब्रेझन हेडमध्ये चालत असं सांगतात. १८०३च्या सप्टेंबरमध्ये त्याला जवळच्याच थॉमस स्ट्रीटवर फाशी दिलं. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतही या जागेचा उल्लेख येतो, रात्र काढायला स्वस्तात मिळणारी जागा म्हणून. बोलणारं पात्र तिचा रस्तासुद्धा चुकीचा सांगतं.

आम्ही पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि उन्हाळा असल्यामुळे बाहेर लख्ख उजेड होता. आत एका कोपऱ्यात दोघे गिटार आणि बँजो घेऊन, माइक लावून गात होते. समोर आमच्यासारखेच प्रवासी. गाणी सगळ्यांना ठाऊक असलेली, टाळ्या भरपूर. गाणारे उत्तम होते, उगीच नावं ठेवणार नाही. पण तासाभराने माझ्या लक्षात आलं, की इथे आपण प्रेक्षक आहोत आणि ते कलाकार. असं तर कुठल्याही सभागृहात होतं. मग त्या ११९८चा आणि या गाण्याचा संबंध काय?

पब म्हणजे घर

इथे थोडं थांबून पब म्हणजे काय ते बघू, कारण 'बार' या शब्दाने आपला गोंधळ होतो. पब हे 'पब्लिक हाउस'चं लघुरूप. सर्वांसाठी उघडं असलेलं घर. आपल्या जुन्या गावातलं तावेर्न आठवा. पुढच्या भागात साखर, रॉकेल, सुकी मासळी, आणि बाजूच्या बाकावर फेणीचा पेला. आयर्लंडच्या खेड्यांतला पब अगदी तस्साच. एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला दारू. काही गावांत पबचा मालकच अंत्यविधीची व्यवस्था बघतो. म्हणजे बारशाचं सामान, लग्नाचा पेला आणि शेवटची पेटी, सगळं एका दारातून.

जुन्या पबांत 'स्नग' नावाची एक लहानशी बंदिस्त जागा असते. लाकडी फळ्यांचा आडोसा, आतून कडी, आणि पेला द्यायला काउंटरकडे उघडणारी खिडकी. पबात दिसणं ज्यांना परवडणारं नव्हतं, त्यांच्यासाठी ती सोय होती. बायका, पोलीस आणि हो, पाद्रीसुद्धा. १९६०च्या दशकापर्यंत अनेक पबांत बायकांनी मोकळेपणी समोर बसणं लोकांना रुचत नसे. 'सर्वांचं घर' म्हणताना 'सर्व' कोण, हा प्रश्न तिथेही होताच.

एकत्र गेलेल्या मंडळींत 'राऊंड'ची पद्धत असते. प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचं. स्वतःपुरतं घेऊन गप्प बसणारा तिथे बदनाम होतो. आणि एक गोष्ट आपल्या कॉलेजला आवडेल. १९२७च्या कायद्याने गुड फ्रायडेला देशभरातले पब बंद ठेवावे लागत. ही बंदी २०१८ साली उठली. नाताळच्या दिवशी मात्र पब अजूनही बंद असतात.

पुलाचं नाव

साडेआठला आम्ही ब्रेझन हेडमधून निघालो आणि नदीवरच्या पुलाकडे वळलो. डब्लिनमधला सर्वांत पहिला पूल याच जागी होता. त्याच्याही आधी इथे उतार होता. चिखलात वेताच्या विणलेल्या ताट्या टाकून लोक नदी ओलांडत. शहराचं आयरिश नाव 'बालिया आहा क्लिआ', म्हणजे 'ताट्यांच्या उताराचं गाव', ते त्यावरूनच. आजचा दगडी पूल १८१८चा.

पुलाचं नाव वाचून मी हसलो. फादर मॅथ्यू ब्रिज! सर्वांत जुन्या म्हणवणाऱ्या पबसमोरच्या पुलाला दारूबंदीच्या पुरस्कर्त्याचं नाव.

फादर थिओबाल्ड मॅथ्यू हे कॉर्क शहरातले कपुचिन धर्मगुरू. १० एप्रिल १८३८ रोजी त्यांनी दारू न पिण्याच्या प्रतिज्ञेवर सही केली आणि मग गावोगाव फिरून लोकांकडून तीच प्रतिज्ञा घेतली. तेव्हा आयर्लंडची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या थोडी वर होती. त्यांतल्या लाखो लोकांनी शपथ घेतली. पण त्यांच्या चळवळीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. नुसतं 'पिऊ नका' म्हणून ते थांबले नाहीत. गावागावांत वाचनालयं निघाली, वाद्यवृंद उभे राहिले, बसायला दालनं झाली. माणसं पबात फक्त दारूसाठी जात नाहीत, भेटायला जातात, हे चळवळीला कळलं होतं. दारू काढून घेतलीत तर भेटायची जागा द्यावी लागेल.

साठ वर्षांनी, १८९८मध्ये, फादर जेम्स कलन या जेझुइटांनी डब्लिनमध्ये 'पायोनियर' ही दारू न पिणाऱ्यांची संघटना सुरू केली. ती जिथे सुरू झाली त्या चर्चचं नाव सेंट फ्रान्सिस झेवियर. आपल्या गोंयच्या सायबाचं नाव तिथे ऐकून बरं वाटलं. तर आयर्लंडमध्ये पब आणि चर्च हे नुसते शत्रू नाहीत. एकाच गावातली ती दोन मोठी घरं आहेत, आणि त्यांच्यात भांडणंही शेजाऱ्यांसारखी झाली.

दुसरा पब

पूल ओलांडून, दहा-बारा मिनिटं चालून आम्ही स्मिथफील्डला पोचलो. जुन्या घोडेबाजाराचा हा मोठा चौक. त्याच्या उत्तर टोकाला 'द कॉबलस्टोन'. साधी जुनी इमारत. आत शिरल्यावर लगेच खिडकीजवळच्या कोपऱ्यात सात-आठ माणसं गोल करून बसली होती. माइक नाही, मंच नाही. त्यांच्यातले निम्मे तर आमच्याकडे पाठ करून. दोन फिडल म्हणजे व्हायोलिन, एक लाकडी बासरी, एक टिन व्हिसल, छोटी पेटीसारखी कॉन्सर्टिना, आणि इलन पाइप्स. ही आयरिश पुंगी तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली भाता धरून हवा भरतात. 'इलन' म्हणजेच कोपर. शिवाय बाउरॉन, एका बाजूने कातडं मढवलेलं चपटं वाद्य. कातडं बकऱ्याचं, आपल्या आजच्या घुमटासारखंच.

याला म्हणतात 'सेशन'. आपण 'बैठक' म्हणू.

पहिली पंधरा मिनिटं मला सगळं एकसारखं ऐकू आलं. मग ताईने समजावलं. प्रत्येक चाल बहुधा दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ मात्रागटांचा आणि दोनदा वाजवायचा. असं एक आवर्तन. ते साधारण तीनदा झालं की न थांबता दुसरी चाल सुरू होते, मग तिसरी. दोन-तीन चालींचा हा एक संच. बदलायची वेळ आली की ज्याने सुरू केलं तो भुवई उंचावतो किंवा 'हप्' असा हलका आवाज काढतो. बाकीचे त्या क्षणी नव्या चालीत उडी घेतात. 'जिग' सहाच्या अंगाने चालतं, आपल्या दादऱ्याच्या जवळ. 'रील' चारच्या अंगाने धावतं. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकाच्या हरकती वेगळ्या. चतुर्थीला घुमट आरतीसाठी आपण घरोघर जातो, तिथे एकजण उचलतो आणि बाकीचे धरतात. अगदी तसंच.

नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक आहेत. चाल येत नसेल तर वाजवायचं नाही, ऐकायचं. नवीन माणसाने आधी मागे बसायचं आणि कोणी बोलावलं की पुढे यायचं. एका वेळी एकच बाउरॉन पुरे. टाळ्यांनी ताल धरायचा नाही. आणि दोन संचांच्या मध्ये गप्पा मारायच्याच, कारण त्यासाठीच तर आलोय.

नऊच्या सुमाराला बारा-तेरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. व्हिसल पिशवीतच ठेवून ती गोलाच्या कडेला बसली. अर्ध्या तासाने एका म्हाताऱ्या फिडलवाल्याने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. तिने एक चाल सुरू केली, अगदी हळू. आणि ते सगळे, ज्यांच्या बोटांना वीज होती, तिच्या गतीने वाजवायला लागले. कोणी तिला पुढे ढकललं नाही, कोणी तिचं कौतुकही केलं नाही. तिची चाल संपली, पुढची सुरू झाली, एवढंच.

मग एक बाई गायली, साथीशिवाय, आयरिश भाषेत. सुरू करण्याआधी कोणीतरी 'क्यूनस' म्हणालं, म्हणजे शांतता. काउंटरवरचे पेलेसुद्धा थांबले. या गाण्याला 'शॉन-नोस' म्हणतात, जुनी रीत. खेड्यांत गाणाऱ्याचा हात शेजारचा माणूस धरून ठेवतो आणि लयीबरोबर हळूहळू फिरवतो, अशीही पद्धत आहे. गाणं संपल्यावर पुढे कोणी गायचं हे गाणाऱ्याने ठरवायचं, हा त्याचा मान.

मला वाटलं, हे बघायलाच आपण आलो होतो. शेकडो वर्षं हे असंच चालत आलं असणार.

इथे मी चुकलो.

ही रीत आली कुठून?

परत आल्यावर वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की चाली जुन्या आहेत, काही दोन-अडीचशे वर्षांच्या, पण पबात गोल करून वाजवायची ही पद्धत आपल्या आजोबांच्या वयाची आहे. आणि ती मुळात आयर्लंडमध्ये सुरूच झाली नाही.

पूर्वी हे संगीत घरातल्या स्वयंपाकघरात वाजे. शेगडीशेजारी वादक बसायचे आणि बाकीचे नाचायचे. उन्हाळ्यात गावाच्या चव्हाट्यावर. १८४५ ते १८४९ या वर्षांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. गेली त्यांत वादकही होते. जे राहिले त्यांच्यावर पुढे आणखी एक संकट आलं. १९३५ साली सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. घरगुती नाचांविरुद्धही तो वापरला गेला आणि त्यात पोलिसांइतकाच पुढाकार काही धर्मगुरूंचा होता. अनेक स्वयंपाकघरं गप्प झाली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनन जेम्स गुडमन हेही धर्मगुरूच, प्रोटेस्टंट, स्वतः पाइप्स वाजवणारे. त्यांनी १८६०च्या दशकात जवळजवळ दोन हजार चाली लिहून ठेवल्या. एकच संस्था मोडतेही आणि जपतेही, हे आपण ख्रिस्ती कॉलेजात शिकणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मान्य करावं.

आता बघा, बाहेर गेलेल्यांनी काय केलं.

शिकागोत फ्रान्सिस ओ'नील नावाचा कॉर्कचा माणूस पोलिसात होता. १९०१ ते १९०५ तो तिथला पोलीसप्रमुख होता. स्वतः बासरी वाजवायचा, पण स्वरलिपी लिहिणं ही त्याची बाजू नव्हती. शहरात कोणी आयरिश वादक आला की ओ'नील त्याला गाठायचा, आणि त्याचा सहकारी जेम्स ओ'नील चाल कागदावर उतरवायचा. १९०३मध्ये त्याने पुस्तक छापलं, १८५० चालींचं. आजही आयर्लंडमध्ये वादक 'त्या पुस्तकात बघ' म्हणतात. ते पुस्तक शिकागोचं.

न्यूयॉर्कमध्ये मायकल कोलमन हा स्लायगोचा फिडलवादक होता. १९२०च्या दशकापासून त्याच्या तबकड्या निघाल्या आणि बोटीने आयर्लंडला आल्या. गावोगावचे वादक त्या ऐकून वाजवायला शिकले, इतके की स्लायगोची शैली देशभर पसरली. म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचं वादन त्यांना अमेरिकेहून कळलं.

लंडनमध्ये १८९७च्या ऑक्टोबरमध्ये आयरिश भाषेसाठी काम करणाऱ्या 'गेलिक लीग'च्या शाखेने 'केइली' या नावाने पहिला सामुदायिक नाच भरवला. आज केइली म्हणजे अस्सल आयरिश असं सगळे समजतात.

आणि शेवटी पब. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बांधकामाला माणसं हवी होती. १९५०च्या दशकात आयर्लंड सोडून गेलेल्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, आणि बहुतेक इंग्लंडला गेले. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत दोघे-तिघे राहायचे. तिथे कसलं स्वयंपाकघर आणि कसली फिडल! घरमालकीण सामान बाहेर फेकील. मग कॅमडन टाउन, केंटिश टाउन या भागांतले पब उरले. काम तिथे मिळायचं, आठवड्याचा पगारही अनेकदा तिथेच हातात पडायचा. एका कोपऱ्यात मेयोचा माणूस, क्लेअरचा माणूस आणि स्लायगोचा माणूस समोरासमोर बसले. गावाकडे असते तर बहुधा कधी भेटलेच नसते. घराची जागा पबने घेतली. तिथून ही पद्धत १९५० आणि ६०च्या दशकांत मायदेशी आली. १९५१मध्ये मलिंगरला पारंपरिक संगीताची संघटना स्थापन झाली, तिचे मेळे भरू लागले. १९६०च्या दशकात डब्लिनच्या ओ'डोनह्यूज पबातून 'द डब्लिनर्स' हा गट पुढे आला, आणि बघता बघता सगळ्या जगाने ठरवलं की आयरिश पबात संगीत हे असतंच.

म्हणजे त्या खिडकीजवळचा गोल ११९८चा नाही. घर सुटलेल्या माणसांनी, परक्या गावात, बसायला जागा नव्हती म्हणून तो तयार केला. मला हे कळल्यावर आधी थोडं वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं.

या सोयीची किंमतही त्यांनी दिली, हे लपवायला नको. संगीत पबात गेलं तसं ते दारूशी बांधलं गेलं, आणि कित्येक चांगले वादक त्यात बुडाले. म्हणूनच आज तिथे शाळांत, सभागृहांत, चहा-बिस्किटांवर चालणारे सेशनही भरपूर आहेत. फादर मॅथ्यूंना ते आवडले असते.

भिंती वाचवायच्या की बैठक?

१९९०च्या दशकापासून आयरिश पब ही निर्यातीची वस्तू झाली. काउंटर, जुनाट फळ्या, आरसे, सगळं आयर्लंडमध्ये तयार करून कंटेनरमधून जगभर जातं. पबच्या भिंती अशा पाठवता येतात. बैठक पाठवता येत नाही.

याची परीक्षा कॉबलस्टोनमध्येच झाली. २०२१ साली त्या जागेवर नऊ मजली हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. पुढचा पब राहणार होता. जाणार होती ती मागची खोली आणि अंगण. वरवर बघता पब वाचत होता. पण त्या मागच्या खोलीतच वर्ग भरायचे, नाच शिकवला जायचा, छोटे कार्यक्रम व्हायचे. पुढच्या कोपऱ्यात बसणारे तयार होतात ते मागच्या खोलीत. हे डब्लिनच्या तरुणांना बरोबर कळलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी वाद्यं वाजवत, खांद्यावर शवपेटी घेऊन शहरातून मोर्चा काढला. हजारोंनी निवेदनावर सह्या केल्या. नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या महापालिकेने परवानगी नाकारली. त्या जागेचं सांस्कृतिक महत्त्व हे नकाराच्या कारणांपैकी एक होतं.

मोर्चातले सगळे काही वादक नव्हते. बहुतेक त्या पबात जाऊन नुसते बसणारे होते.

आणि आपण?

आयर्लंडची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या गोव्यातलं तियात्र बघा. पहिलं तियात्र गोव्यात झालंच नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी ते मुंबईत झालं. पोटासाठी मुंबईला गेलेल्या, गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत दाटीवाटीने राहणाऱ्या गोंयकारांची ती कला. आज तियात्राशिवाय गोव्याची कल्पना करता येते का?

मराठीचंही तेच. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून आले, सासष्टीत राहिले आणि त्यांनी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली ते राशोलला छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४मध्येही छापलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज हाती नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी हाताने नकला केल्या आणि घरांतून, चर्चमधून तो मोठ्याने वाचत राहिले, म्हणून. १९०७मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तो अशा हस्तलिखितांवरून. छापखाना हरला आणि वाचणारी माणसं जिंकली. त्यांच्यापुढेही काही सभागृह भरलेलं नसेल. चार घरची माणसं, एक दिवा, एक वाचणारा.

तर त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. "ऐकायला कोणी येत नाही, तर करतो कोणासाठी?"

ब्रेझन हेडमध्ये ऐकायला भरपूर माणसं होती. कॉबलस्टोनमधल्या गोलाने आमच्याकडे पाठ केली होती, कारण ते आमच्यासाठी वाजवत नव्हते. ते एकमेकांसाठी वाजवत होते, आणि आम्हाला जवळ बसू देत होते. त्या संध्याकाळी वाजवणारे आठ होते. आपण सात होतो. फरक एकाचाच आहे!

मला वाटतं, आपली चूक एवढीच, की आपण बैठकीला कार्यक्रम समजलो. खुर्च्या रांगेत लावल्या, समोर टेबल ठेवलं, आणि मग रिकाम्या खुर्च्या मोजत बसलो. महाराष्ट्राबाहेर मराठी वाचणारे आपण म्हणजे कुठल्यातरी मोठ्या घराचं उरलंसुरलं सामान, असा एक न्यूनगंड आपल्यात असतो. शिकागोच्या पोलिसाला आणि लंडनच्या गवंड्यांनाही तो असणार. पण पुढे मायदेशानेच त्यांच्याकडून घेतलं.

म्हणून संपादकांच्या परवानगीने एक सूचना करतो. पुढच्या शनिवारी टेबल बाजूला सारू आणि खुर्च्या गोल लावू. ज्याला वाचायचं तो वाचेल, आणि पुढे कोणी वाचायचं हे तोच सांगेल. नवीन आलेल्याने पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालेल. कोणी अडखळत वाचलं, कोंकणी वळणाने वाचलं, तर बाकीच्यांनी त्याच्या गतीने ऐकायचं. टाळ्या नकोत. मध्ये गप्पा हव्यातच.

चहाचं मी बघतो. चार कप पुरणार नाहीत, किटलीच आणतो.